विक्रेत्याचें मौन

उद्यां येणाऱ्या मालाची वार्ता विक्रेत्यानें आज ग्राहकास सांगावी कीं न सांगावी, हा प्रश्न वरवर पाहतां व्यापाराचा दिसतो. पण तो नीतिशास्त्राचा आहे, आणि फार जुना आहे. इसवी सनापूर्वी 44 व्या वर्षीं सिसेरोनें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत तो आढळतो. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक सज्जन व्यापारी धान्यानें भरलेलें गलबत घेऊन तेथें पोंचतो. मागून आणखी कित्येक गलबतें येत आहेत, हें त्यानें वाटेंत डोळ्यांनीं पाहिलें आहे. तें सांगितलें तर भाव उतरेल; न सांगितलें तर त्याचें धान्य सोन्याच्या मोलानें जाईल. यावर स्टोइक पंथांतील दोन आचार्यांचा मतभेद आहे. डायोजेनीसच्या मतें लपविणें निराळें आणि गप्प बसणें निराळें. मालांतील जे दोष कायद्यानें सांगावे लागतात ते सांगितले कीं व्यापारी मोकळा झाला. अँटिपेटर म्हणतो, मनुष्य जन्मास आला तो मनुष्यांच्या हितासाठीं. मग शेजाऱ्याच्या अज्ञानावर नफा उभारण्याचा अधिकार त्यास कोठून आला? सिसेरोनें कौल दिला तो अँटिपेटरच्या बाजूनें.

2008 सालीं अमेरिकेंत हाच वाद नव्या वेषांत उभा राहिला. 15 सप्टेंबर रोजीं लेहमन ब्रदर्स या पेढीनें दिवाळें जाहीर केलें. 29 तारखेस प्रतिनिधिगृहानें बँकांना साहाय्य देण्याचें बिल फेटाळलें, तेव्हां डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसांत 777 अंकांनीं कोसळला, आणि ॲपल या संगणक करणाऱ्या कंपनीच्या शेअरचा भाव सुमारें 18 टक्क्यांनीं उतरला. घरांवरचीं कर्जें बुडत होतीं, नोकऱ्या जात होत्या. आणि नेमक्या याच दिवसांत हजारों माणसें त्या कंपनीच्या नव्या लॅपटॉपांची चातकासारखी वाट पाहात होतीं. 800 डॉलरांचें यंत्र येणार, अशीहि आवई उठली होती. कंपनी मात्र मुखस्तंभ. 14 ऑक्टोबर रोजीं पडदा उघडला. ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यांतून कोरून काढलेलें नवें मॅकबुक 1299 डॉलरांपासून पुढें. आणि जुनें पांढरें मॅकबुक, ज्यास आदल्या दिवसापर्यंत 1099 डॉलर पडत होते, तें आतां 999 ला.

ज्या विद्यार्थ्यानें 13 तारखेस तेंच पांढरें यंत्र घेतलें असेल, त्याच्या शंभर डॉलरांचें काय? संगणक म्हणजे धान्य नव्हे, आणि शंभर डॉलरांनीं कोणी उपाशी मरत नाहीं, हें खरें. पण बापाची नोकरी जाण्याच्या बेतांत असतां शंभर डॉलरांचें वजन निराळें असतें. आमच्याकडे लग्नसराईंत सोनें घेणारा मनुष्य सराफास विचारतो, ‘भाव उतरेल काय?’ तें सराफासहि ठाऊक नसतें. दोघांचें अज्ञान सारखें, म्हणून त्याच्या मौनांत खोट नाहीं. संगणककर्त्याची गोष्ट उलट आहे. उद्यांचा भाव तोच ठरवितो. त्याचें ज्ञान ऱ्होड्सच्या व्यापाऱ्याहूनहि पक्कें असतें.

तथापि मौनाच्या बाजूनेंहि एक बलवान साक्षी आहे. ॲडम ऑस्बॉर्न या गृहस्थाचें बालपण कांहीं काळ तामिळनाडूंत गेलें, आणि 2003 सालीं त्यास मरणहि कोडाईकनाल येथेंच आलें. 1981 सालीं त्यानें 1795 डॉलरांचा, हातांतून नेतां येईल असा संगणक विकावयास काढला. (त्याचें वजन 24 पौंड होतें, तेव्हां ‘हातांतून’ हा शब्द बेतानेंच घ्यावा.) खप अफाट झाला. मग पुढें येणाऱ्या अधिक चांगल्या यंत्राविषयीं तो आधींच बोलून गेला. ग्राहक म्हणाले, ‘तर मग थांबूं’. जुना माल पडून राहिला, आणि 1983 सालीं कंपनी बुडाली. प्रतिस्पर्ध्यांनींहि तिला जेरीस आणलें होतें, हें विसरूं नये. तरी सत्यवचनाचा भार नोकरांवर व दुकानदारांवर पडूं शकतो, एवढें यावरून दिसतें. आणि त्यांनाहि अँटिपेटरच्या मनुष्यसमाजांत जागा आहे.

शिवाय गलबत समुद्रांत असतें, बेत मनांत असतो. बेत फिरतात, फिरलेला बेत आधीं सांगणें हीहि एक फसवणूकच. परंतु दिवस ठरला, भाव ठरला, कीं बेताची वस्तुस्थिति होते, आणि तेथून पुढें डायोजेनीसचा आश्रय पुरत नाहीं. येथें आजच्या व्यापारानें एक युक्ति काढली आहे. दुकानांत उभ्या असलेल्या नोकरास कांहींच कळवावयाचें नाहीं. म्हणजे ग्राहकानें विचारलें असतां तो निर्मळ मनानें ‘ठाऊक नाहीं’ म्हणतो. असत्य कोणीच बोलत नाहीं. ही युक्ति मला असत्याहून फारशी बरी वाटत नाहीं.

माझ्या मतें मौन आणि मौनाचें फळ हीं वेगळीं केलीं पाहिजेत. विक्रेत्यानें खुशाल गप्प बसावें. पण त्या गप्प बसण्यानें पदरीं पडलेले शंभर डॉलर ठेवून घेऊं नयेत. खरेदीनंतर थोडक्याच दिवसांत भाव उतरल्यास फरक परत देण्याची चाल कित्येक दुकानांत आहे. तीस औदार्य म्हणतात. मी ऋण म्हणेन.

राहिला वाट पाहणारा. केन्सनें 1936 सालीं दाखविलें कीं मंदींत प्रत्येकानें हात आखडला तर सर्वांचेंच उत्पन्न घटतें. म्हणून थांबणाऱ्यास दोष द्यावा काय? मला तसें वाटत नाहीं. देशाचा व्यापार चालविण्याचें ओझें ज्याच्या स्वतःच्या नोकरीची शाश्वति नाहीं त्याच्या खिशावर घालणें अन्यायाचें होईल. ज्याचें जुनें यंत्र अजून चालतें, त्यानें खुशाल थांबावें आणि तर्क लढवावे. त्या करमणुकीस पैसे पडत नाहींत. पण ज्याचें यंत्र बंद पडलें आणि काम अडलें, त्यास 13 तारखेस थांबतांच येत नव्हतें. फरकाच्या रकमेवर पहिला हक्क त्याचा.