सुटका झाली, नोंद राहिली

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ते मौन धरून तप करत असताना चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला. शिपायांनी विचारले, ऋषी बोलले नाहीत. माल सापडला आणि चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवले गेले. पुढे राजाला चूक कळली, त्याने क्षमा मागितली. पण सूळ निघेना. अखेर तो कापला, टोक शरीरातच राहिले.

खटल्यातून सुटलेल्या कितीतरी उमेदवारांची आज तीच गत होते. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत शिक्षेपुरते विचारून थांबत नाहीत. कधी अटक झाली होती का, गुन्हा दाखल होता का, हेही लिहून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये म्हटले, की निकाली निघालेले प्रकरण उमेदवाराने प्रामाणिकपणे सांगितले तरी त्याची पूर्वपीठिका तपासायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो.

यामागची काळजी खोटी नाही. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटलेल्याला पोलिसात घ्यावे का, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणूनच न्यायालये सन्मानपूर्वक मुक्तता आणि संशयाचा फायदा यांत फरक करतात. पण संशय सरकारी पक्षाला दूर करता आला नाही, आणि त्याचे ओझे आरोपीने जन्मभर वाहायचे, हा कुठला धर्म?

मांडव्यांनी जाब थेट धर्मालाच विचारला. लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती, असे उत्तर आले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा! ऋषींनी धर्माला शाप दिला आणि मर्यादा घातली: चौदा वर्षांच्या आतले कृत्य पाप धरायचे नाही. हिशेब ठेवणाऱ्यालाही कुठे थांबायचे ते सांगावे लागते, हे या कथेचे सगळ्यात धीट म्हणणे आहे.

अमेरिकेच्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टने अशी मर्यादा घातली. पडताळणी करणाऱ्या कंपनीला शिक्षेपर्यंत न पोचलेला आरोप सात वर्षांनंतर अहवालात देता येत नाही. ही मुदत आरोप दाखल झाल्यापासून मोजायची, तो रद्द झाल्यापासून नव्हे, असे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. मात्र वार्षिक पगार ७५,००० डॉलर किंवा अधिक असेल तर हे संरक्षण नाही. आणि मुळात, रद्द झालेल्या आरोपासाठी सात वर्षे तरी का? पेनसिल्व्हेनियाने २०१८ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले: शिक्षा न झालेल्या आरोपांच्या नोंदी तिथे अर्ज न करता, आपोआप झाकल्या जातात.