आधी दार उघड

परवा तुझ्या गाडीत बसलो. सॅन होजेहून सांताक्रूझला पोचेपर्यंत तू चार वेळा म्हणालास, "सर, उघडी गाडी आहे, आवाज असाच येणार." असाच म्हणजे कसा? गाडी सिग्नलला उभी होती तेव्हाही दाराचं पॅनेल खरखरत होतं. मी तळहात दाबून धरला, खरखर थांबली. हात काढला, पुन्हा सुरू. तिथे वारा कुठे होता? नाचता येईना, अंगण वाकडं!

1994 ची मियाटा घेतलीस, छान केलंस. पण स्पीकर कशावरून निवडलेस? खोक्यावर ठळक "300 वॅट" दिसलं म्हणून. ते क्षणभराचं शिखर. खाली बारीक अक्षरांत आरएमएस असतो, तो वाचायला डोळे नव्हते? आणि त्यांना चालवतो कोण? तो स्टिरिओ. त्यावरही "50 × 4" छापलंय. प्रत्यक्षात चॅनेलमागे सलग 15-20 वॅट निघतात. एवढ्याशा ताकदीला 92 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर हवा होता, तू 86 चा उचललास. सहा डेसिबल म्हणजे किती पट वॅट, सांग बघू. चौपट. हा हिशेब मी तुझ्याकडून फळ्यावर करून घेतलाय. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी बोललोही नसतो.

बरं, स्पीकर साडेसहा इंची, दारात नेमके बसणारे. बसवलेस कसे? जुन्याच्या जागी नवा, चार स्क्रू, झालं काम. पॅनेलमागे दाराच्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं आहेत, त्यांवर नुसता प्लॅस्टिकचा कागद. स्पीकरच्या पाठीमागची लाट त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाते. बास तिथेच मरतो. वरून 65 मैलांच्या वेगात वाऱ्याची घरघर, तीही नेमकी खालच्या सुरांची, उरलंसुरलं झाकून टाकते. छप्पर बंद असताना खालच्या सुरांना केबिनचा थोडा आधार तरी मिळतो, उघडल्यावर तोही जातो. म्हणून तर उघड्या गाडीत दार नीट करणं जास्त गरजेचं. आणि तू तेच टाळलंस. का? "पॅनेलच्या क्लिपा तुटतील." तुटल्या तर नव्या आण! असल्या कारणाने अख्खी गाडी बेसूर ठेवायची?

आता म्हणे डिकीत बारा इंची सबवूफर टाकणार. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. डिकी आणि सीट यांच्यामध्ये पोलादी पत्रा आहे. धडधड डिकीत घुमेल, मागच्या गाडीवाल्याला ऐकू जाईल, तुला नाही. आणि सामान कुठे ठेवशील, मांडीवर?

ठरवलेल्या चारशे डॉलरांतले अडीचशे घालवलेस, दीडशे उरलेत. पुरतात. स्पीकर परत घेत असतील तर परत कर, नाहीतर आहेत त्यांच्यावरच मेहनत घे. ब्यूटाइलची चादर आण, भोकं बंद कर, पत्र्यावर रोलर फिरव. काच आत उतरत असेल ती वाट सोड. काच पूर्ण खाली घेऊन चुंबक तिला लागत नाही ना, ते बघ. उरलेल्या पैशांत छोटा चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर, सेकंडहँड चालेल. तुझ्या गाडीची बॅटरी डिकीतच आहे, तेव्हा वायर बॉनेटपासून ओढायचा त्रास नाही. फ्यूज मात्र बॅटरीपासून वीतभर अंतरावरच. 80 हर्ट्झखालचं दारांकडे पाठवू नकोस, जे झेपत नाही ते मागायचंच कशाला? हेडरेस्टमधले छोटे स्पीकर कानाशी आहेत, शब्द ते सांभाळतील.

आणखी एक. डाव्या दाराच्या वायरी उलट्या लागल्यात असा मला दाट संशय आहे. बॅलन्स एका बाजूला नेला की बास वाढत होता, ऐकलंस? ऐकलंस, आणि सोडून दिलंस. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा, स्पीकरचा कोन बाहेर आला की अधिक टोक सापडलं. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये तू हे सगळ्यांच्या आधी करून दाखवलं होतंस. ते हात कुठे गेले?

शनिवारी सकाळी दहाला येतो. दोन्ही पॅनेलं उतरवलेली दिसली पाहिजेत. सेल मी आणतो.