उपम्याने जिंकलेली फेरी

अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेची 2011 सालची अंतिम फेरी. नामांकित शेफ समोरासमोर, आणि फ्लॉइड कार्डोझ यांनी परीक्षकांपुढे ठेवला उपमा! आपल्याकडे सकाळी घरोघरी होतो तोच, रव्याचा, जोडीला अळंबी. स्पर्धा त्यांनीच जिंकली.

कार्डोझ मुंबईत वाढले, घराणं मूळचं गोव्याचं. जीवरसायनशास्त्राची वाट सोडून ते स्वयंपाकाकडे वळले. दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकले, पुढे स्वित्झर्लंडला आणि मग न्यूयॉर्कला गेले. 2020 मध्ये कोरोनाने त्यांना आपल्यातून नेलं, याची हळहळ आजही वाटते.

“शिकूनसवरून आचारी होणार?” हा प्रश्न अजून घराघरांत विचारला जातो. मला तो मुलांवर अन्याय करणारा वाटतो. पण टीव्हीवरचा झगमगाट पाहून निघालेल्यांनाही सांगायला हवं, की हॉटेलच्या भटारखान्यात सुरुवात होते ती कांद्यापासून. चॉपिंग बोर्ड सरकू नये म्हणून खाली ओला फडका, बोटांची टोकं आत वळवलेली, आणि पोतंभर कांद्याची प्रत्येक फोड सारख्या मापाची. कारण लहानमोठ्या फोडी एकसारख्या शिजत नाहीत. सणवार, रविवार तिथेच जातात. पाय भरून येतात.

म्हणून परीक्षा संपली की महिनाभर एखाद्या चांगल्या भटारखान्यात पडेल ते काम करून बघावं. त्यानंतरही मुलगी किंवा मुलगा सकाळी आपणहून उठून कामाला निघत असेल, तर आईवडिलांनी कॉलेजची फी भरताना मागेपुढे पाहू नये.