गहाण घर आणि नात्यातला भाडेकरू



आपल्या जव्हार-मोखाड्याला पोटासाठी घर सोडणे नवीन नाही. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई, नाशिककडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर निघतात. आपल्यातले काहीजण शिकून शाळांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत नोकरीला लागले. त्यांतल्या काहींनी बँकेचे कर्ज काढून पालघर, बोईसर किंवा नाशिकला एखादा फ्लॅट घेतला आहे. निवृत्तीनंतर कामाला येईल, तोवर भाड्याने देऊ, असा हिशेब असतो. मग एक दिवस नात्यातलेच कोणी दारात येते आणि म्हणते, "तुमचे घर रिकामेच आहे, आम्हांला राहू द्या." अशा वेळी काय करावे? प्रश्न साधा वाटतो. आम्हांलाही तो साधाच वाटला होता.

आम्ही दोघेही पती-पत्नी नोकरी करतो. २०१७ साली आम्ही नाशिकला सातपूरजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कर्ज वीस वर्षांचे, हप्ता महिना चौदा हजार. पुढच्याच वर्षी आमचा मोखाड्याकडचा भाचा तिथल्या एका कारखान्यात लागला. त्या भागात तशा घराला सहा-सात हजार भाडे मिळत होते. आम्ही त्याला म्हणालो, "चार हजार दे. तू काय परका आहेस?" कागद केला नाही. घरावर कर्ज आहे हेही बोललो नाही. भाच्याला ते कशाला सांगायचे, असे वाटले. खरे म्हणजे गावाकडे आमच्या घराचे जे कौतुक चालले होते, ते आम्हांला गोड लागत होते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. कारखाना बंद पडला आणि भाडे थांबले. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. आम्ही ती घेतली, पण व्याज चालूच राहिले. त्यातच घरात एक मोठे ऑपरेशन झाले आणि पुढचे दोन हप्ते चुकले. भाच्याला आम्ही बोललो काहीच नाही, पण मनात हिशेब मांडत राहिलो. आपण याच्यासाठी एवढे सोसतो आणि याला त्याचे काही नाही, असे एकमेकांत बोलू लागलो. फोन कमी झाले.

डिसेंबरात बँकेचे पत्र फ्लॅटच्या पत्त्यावर गेले आणि भाच्याच्या हातात पडले. थकबाकी भरली नाही तर गहाण मालमत्तेवर कारवाई होऊ शकते, असे त्यात होते. त्याने रात्री फोन केला. आवाज चढलेला नव्हता. तो म्हणाला, "मामा, मी मुलीचे नाव इथल्या शाळेत घातले. आईला इथे आणायचे ठरवत होतो. हे घर गहाण आहे, हे मला बँकेकडून कळावे?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. त्याने भाडे बुडवले म्हणून आम्ही त्याला मनातल्या मनात दोषी ठरवले होते. आता दोषी कोण, याचा विचार आम्हांला करावा लागला.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, ते घर पूर्णपणे आमचे नव्हतेच. मूळ कागदपत्रे बँकेत होती. गहाण घर भाड्याने देण्याआधी बँकेची लेखी परवानगी घ्यावी, अशी अट पुष्कळ कर्जकरारांत असते. आमच्याही होती, पण सही करताना आम्ही ती वाचली नव्हती. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदाही गहाण ठेवणाऱ्याला मर्यादा घालतो. करारात वेगळे ठरले नसेल, तर तो घराचा भाडेपट्टा जास्तीत जास्त तीन वर्षांचा करू शकतो आणि भाडेही वाजवीपणे मिळू शकणारे सर्वांत चांगले असले पाहिजे. हे कळले तेव्हा आम्ही चमकलो. भाच्याला आम्ही जी सवलत दिली, ती दुसऱ्याकडे तारण असलेल्या वस्तूतून दिली होती. स्वतःच्या पानातले वाढणे वेगळे आणि सामाईक पातेल्यातले वाढणे वेगळे.

दुसरी गोष्ट धोक्याची. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते बुडीताच्या वाटेवर गेलेले धरते. त्यानंतर २००२ च्या कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करता येते. हप्ता आम्ही चुकवणार आणि सामान रस्त्यावर येणार भाच्याचे! ज्या धोक्याची झळ त्याला लागू शकते, तो त्याच्यापासून लपवणे हा त्याच्यावर अन्याय होता. आम्ही खोटे काही बोललो नव्हतो हे खरे. पण ज्याला कळायला हवे त्याच्यापुढे गप्प राहणे, हीही एक प्रकारची फसवणूकच असते.

तिसरी गोष्ट आमच्या उपकाराची. हप्ता चौदा हजार आणि भाडे चार, म्हणून उरलेले दहा हजार जणू आम्ही भाच्यावरच खर्च करतो, असा आमचा हिशेब होता. तो खोटा होता. हप्ता ही आमच्या घराची किंमत, भाडे ही त्याच्या राहण्याची किंमत. घर पुढे आमचे होणार होते, भाच्याचे नव्हे. आमच्या कर्जाचे ओझे आम्ही त्याच्या नावावर मांडत होतो. आणि जी दोन-तीन हजारांची सवलत खरोखर दिली होती, तिचा आकडा त्याला कधी सांगितलाच नव्हता. जो उपकार सांगितला नाही आणि विसरलाही नाही, तो घेणाऱ्याच्या नकळत त्याच्यावर कर्ज होऊन बसतो. असले कर्ज फेडायचे तरी कसे?

नात्यात कागद नको, असे आपल्याकडे म्हणतात. त्यामागे कारण आहे. शेजारच्या डहाणू-उंबरगावकडे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले म्हणून नवराबायको वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबत. त्या लग्नगडी पद्धतीविरुद्ध आणि वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली वारली उठले. ज्यांच्या वाडवडिलांचे अंगठे न वाचता येणाऱ्या कागदांवर घेतले गेले, त्यांना कागदाची भीती वाटणारच. पण तिथे दुःख कागदाचे होते की तो एकाच्याच हातात असण्याचे? दोघांनी वाचलेला आणि दोघांच्या घरात एकेक प्रत असलेला कागद दुबळ्याचाच आधार असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हेच सांगतो. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

पवित्र शास्त्रात यिर्मया संदेष्ट्याने आपल्या चुलतभावाचे अनाथोथ येथील शेत विकत घेतल्याची हकिकत आहे. यरुशलेमला वेढा पडला होता आणि यिर्मया स्वतः कैदेत होता. तरीही त्याने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखत लिहिले, साक्षीदार घेतले आणि मोहोर केलेली व उघडी अशा दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. समोर सख्खा चुलतभाऊ होता म्हणून त्याने तोंडी व्यवहार केला नाही. आणि असा कागद केल्याने नाते तुटल्याचेही कुठे लिहिलेले नाही.

नाताळानंतर आम्ही नाशिकला गेलो. भाचा आणि सून समोर बसले. आम्ही कर्जाचे सगळे कागद त्यांच्यापुढे ठेवले. किती फेडले, किती उरले, हप्ता कधी चुकला, ते सांगितले आणि लपवल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. थकलेले हप्ते पुढच्या पगारांतून भरले. बंद काळातले भाडे माफ केले आणि ते माफ आहे असे लिहून दिले. त्याच्या हाताला पुन्हा काम लागले होते. मग बँकेची परवानगी घेतली आणि चालू दराने, म्हणजे सहा हजारांचा करार नोंदवला. बँकेचे कोणतेही पत्र आले तर ते त्याला दाखवायचे, हेही ठरले. सही करताना भाचा म्हणाला, "आता भाडे द्यायला मान खाली घालावी लागणार नाही."

कोणी विचारील, एवढे सगळे उघड करण्यापेक्षा नातेवाईकाला नाही म्हटलेले काय वाईट? काही वेळा नाही म्हणणेच योग्य असते. त्याचे भाडे आल्याशिवाय आपला हप्ता भरला जाणार नसेल, तर आपल्या नात्याला तेवढा भार झेपेल का, हे आधी पाहावे. अर्धवट हो म्हणून पुढे मनात कुढण्यापेक्षा स्पष्ट आणि प्रेमाने दिलेला नकार बरा. पण हो म्हणायचे असेल तर घर कोणाकडे गहाण आहे, भाडे किती, सवलत किती आणि अडचण आली तर काय करायचे, हे पहिल्याच दिवशी सांगावे.

बंधुभगिनींनो, आज आपल्यापैकी कोणाच्या घरात असा नातेवाईक राहत असेल आणि त्याला कर्जाची गोष्ट माहीत नसेल, तर ती आपल्या तोंडूनच त्याला कळू द्या. बँकेच्या पत्राची वाट पाहू नका.