बाळंतविडा : उपयोगाचा कीं मायेचा?

घरांत मूल येणार असें कळलें म्हणजे आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या मनांत आनंदाबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. डोहाळजेवणास किंवा बारशास जावयाचें, तर हातांत काय न्यावें? सांगली, मिरज, तासगांव, कऱ्हाड या बाजूच्या खेड्यांतून हा प्रश्न नेहमीं कोणत्या ना कोणत्या घरीं निघतो, आणि बहुधा बाजाराला जाणाऱ्या मनुष्याच्या हातीं कांहीं रुपये देऊन तो मिटविला जातो. प्रश्न लहान दिसतो खरा. परंतु माणूस दुसऱ्यास काय देतो व कां देतो यांत त्याच्या मनाची परीक्षा होते. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

या बाबतींत दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष म्हणतो, जी वस्तु कामास येईल तीच द्यावी. झबलीं, टोपडीं, लंगोट, दुपटें, मच्छरदाणी यांपुढें बाकी सर्व दिखाऊपणा होय. दुसरा पक्ष म्हणतो, कामाची वस्तु कोणीही विकत घेईल. भेट म्हणजे आठवण, ती मूल मोठें होईपर्यंत राहिली पाहिजे, म्हणून चांदीचे वाळे किंवा नांव कोरलेली वाटी द्यावी. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दोघेही असें धरून चालतात कीं, उपयोग एकीकडे व माया दुसरीकडे, आणि देणाऱ्यानें दोहोंतून एकाची निवड करावी. हें गृहीतच आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम उपयोगाकडे पाहूं. नवजात बालकाच्या गरजा मोजक्या आहेत. त्यास ऊब पाहिजे, आईचें दूध पाहिजे व स्वच्छता पाहिजे. अडीच किलोहून कमी वजनाचें मूल जन्मलें तर त्यास उबेची गरज अधिकच असते. म्हणून मऊ सुती कापड, डोकें झाकणारें टोपडें किंवा कुंची, आणि वाळत घातलेले सुकेपर्यंत पुरतील इतके लंगोट, यांची योग्यता मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा कीं, जन्मानंतर पहिल्या तासांतच मुलास अंगावर पाजावें, पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून त्यास दुसरें कांहीं, पाणीसुद्धां, देऊं नये, आणि पहिले चोवीस तास आंघोळ घालूं नये. हें ज्यास ठाऊक आहे तो दुधाची बाटली व भुकटीचा डबा भेट म्हणून नेणार नाहीं. बाटली दिसावयास उपयोगी खरी. पण जेथें ती प्रत्येक वेळीं उकळून घेण्यास सरपण नाहीं व वेळही नाहीं, तेथें तीच जुलाबाचें कारण होते. आपल्या देशांत १९९२ सालीं झालेल्या कायद्यानें अशा भुकटीची व बाटल्यांची जाहिरात करणें, तसेंच त्यांचे नमुने किंवा भेटी मातांस वांटणें, कंपन्यांस मना केलें आहे. डॉक्टरांनीं कारण सांगून लिहून दिलें असल्यास गोष्ट वेगळी. एरवीं, कंपनीस जें मना आहे तें आत्याबाईंनीं मायेपोटीं करावें, हें बरें नव्हे.

उपयोगाचा हा विचार फिनलंड देशानें फार व्यवस्थेनें केला आहे. तेथें १९३८ पासून गरीब मातांस सरकारांतून एक पेटी मिळूं लागली, आणि १९४९ पासून ती गरीब-श्रीमंत सर्वांस खुली झाली. पेटींत मुलाचे कपडे, पांघरूण व संगोपनाच्या वस्तु, तळाशीं एक लहान गादी. आणि रिकामी पेटी हाच कित्येक मुलांचा पहिला बिछाना होई. अट एवढीच कीं, चौथा महिना संपण्यापूर्वीं गर्भवतीनें दवाखान्यांत जाऊन आपली तपासणी करून घ्यावी. आपल्या महाराष्ट्र सरकारनेंही २०१९ सालीं सरकारी रुग्णालयांत पहिल्या खेपेस बाळंत होणाऱ्या मातांसाठीं अशाच वस्तूंचा संच देण्याची योजना हातीं घेतली. या योजना स्तुत्य होत. सरकारची पेटी प्रत्येक घरीं सारखीच जाते, आणि तिनें सारखेंच जावें यांत न्याय आहे.

परंतु शेजाऱ्याची भेट सारखी असून चालत नाहीं. कोणत्या बाळंतिणीची आई वारली आहे, कोणाच्या घरीं पाणी दूरच्या आडावरून आणावें लागतें, कोठें थोरलें मूल अजून दीड वर्षांचें असून रात्रीं आईलाच बिलगतें, हें पेटी भरणाऱ्या अधिकाऱ्यास ठाऊक असणें शक्य नाहीं. शेजारणीस तें ठाऊक असतें, किंवा असावयास पाहिजे. आमच्या मतें मायेचें पहिलें लक्षण हेंच कीं, तिला दुसऱ्याच्या घरची उणीव दिसते. जी वस्तु त्या घरच्या उणिवेवर नेमकी बसते, ती उपयोगी आहे म्हणूनच मायेची आहे. कारण ती उणीव शोधण्यास कोणीतरी आपलें लक्ष खर्च केलें, आणि लक्ष देणें हें पैसे देण्याहून कठीण आहे.

आमच्या वाचकांस हन्नेची गोष्ट ठाऊक आहे. शमुवेल लहानपणींच मंदिरांत राहिला, आणि त्याची आई दरवर्षीं एक लहानसा झगा करून त्याजकडे नेत असे. मूल वर्षभर दृष्टीआड होतें. या वर्षीं त्याचे हात किती लांबले असतील, खांदे किती भरले असतील, हें मनांत मोजल्यावांचून तो झगा बेतला जाणें शक्य नव्हतें. त्या मापांतच तिची सगळी माया होती. पुढच्या वर्षीं झगा आखूड होणार हें ती जाणून होती, तरी तिनें टिकाऊ म्हणून दुसरें कांहीं नेल्याचें आपण वाचीत नाहीं. तसेंच यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हां विधवांनीं रडत रडत तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें दाखविलीं. तीं अंगावर घालावयाचीं साधीं वस्त्रें होतीं. पण तिच्यामागें तिची आठवण सांगावयास तींच पुढें आलीं.

आपल्याकडे तर या दोन गोष्टी एकत्र शिवण्याची रीत जुनीच आहे. आजीच्या जीर्ण लुगड्याची घडी करून, वर धाव-दोऱ्याचे टांके घालून केलेली गोधडी ही उपयोगाची वस्तु म्हणावी कीं मायेची? नव्या कापडास खळ असते, तें अंगास टोंचतें. शेंकडों वेळां धुतलेलें लुगडें मऊ झालेलें असतें, तें ओल शोषून घेतें, धुतल्यावर लवकर वाळतें. जुन्या लुगड्याचा जो गुण बालकाच्या कातडीस मानवतो, तोच गुण आजीच्या वापरानें त्यांत आलेला असतो. मुलगा पंचवीस वर्षांचा झाल्यावर ती गोधडी राहील न राहील. पण ती ज्या रात्रींसाठीं केली त्या रात्रीं तिनें आपलें काम केलें, एवढें पुरे आहे. चांदीचे वाळे मात्र बहुधा बारशाच्या दुपारींच उतरवून पेटींत जातात, आणि पुढें एखाद्या अडचणीच्या वर्षीं सोनाराकडे दिसतात.

आतां मायेच्या नांवाखालीं दोन दोष शिरतात ते पाहूं. पहिला दोष वहीचा. कोणी काय आहेर केला हें कित्येक घरीं वहींत लिहून ठेवतात, आणि त्यांच्या घरीं कार्य निघालें म्हणजे तेवढेंच, किंवा थोडें चढ, परत करतात. ज्याच्याजवळ नाहीं तो उसनें काढून करतो. अशी भेट म्हणजे बिनव्याजी दिसणारें कर्ज होय, आणि तें फेडण्याची चिंता बाळंतिणीच्या उशाशीं बसते. श्रीमंत मामानें आणलेलें भारी खेळणें पाहून गरीब काकानें आपलें टोपडें पदराआड लपवावें, असा प्रसंग ज्या बारशांत येतो तेथें कोणी कोणास खरें कांहींच दिलें नाहीं. जी परत करण्याचा विचारही घेणाऱ्याच्या मनांत येऊं नये इतकी साधी व नेमकी, ती भेट उत्तम.

दुसरा दोष याहून खोल आहे. तो म्हणजे छुपी अट. डोहाळजेवणांत दोन वाट्या झांकून ठेवतात, आणि गर्भवतीनें उघडलेल्या वाटींत पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असें हंसत हंसत म्हणतात. खेळ खेळापुरता राहिला तर त्याबद्दल कोणास राग नसावा. परंतु पेढा निघतांच जो जयजयकार होतो व बर्फी निघतांच जी क्षणभर शांतता पडते, ती त्या बाईस ऐकूं येते. आपल्याच मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें मार्च २०१७ मध्यें एका विवाहित स्त्रीचा बेकायदा गर्भपातांत मृत्यु झाला, आणि तपासांत पुरलेले १९ भ्रूण सांपडले. गर्भलिंग तपासण्यास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालींच केला होता व देशानें १९९४ सालीं केला. कायदा होता, पण घराघरांतून पडणारी ती क्षणभराची शांतता कोणत्याही कायद्यानें मोडली नव्हती. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, जन्मापूर्वीं दिलेल्या भेटीनें मुलगा कीं मुलगी हें विचारूं नये, आणि जन्मानंतर मुलगी झाली म्हणून ती भेट लहानही होऊं नये.

मुलास मिळणारी पहिली भेट त्याचें नांव होय, आणि तिला पैसा लागत नाहीं. तरी तीच कित्येकदां अत्यंत निष्ठुरपणें दिली गेली. सातारा जिल्ह्यांत मुलीमागून मुलगी झाली म्हणजे पुढील तरी मुलगा व्हावा या समजुतीनें तिला 'नकुशी' म्हणत, म्हणजे नकोशी झालेली. शाळेंत हजेरी घेतांना, लग्नाच्या पत्रिकेंत, शिधापत्रिकेवर, जन्मभर तिला हेंच ऐकावें लागे. २०११ च्या ऑक्टोबरांत सातारा येथें अशा दोनशेंहून अधिक मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. कित्येकींनीं आपलें नांव आपणच निवडलें. कोणत्याही बारशांत इतकी उपयोगी व इतकी मायेची भेट क्वचितच दिली गेली असेल. तिचा खर्च दाखल्यावरील शाईपुरता. पण आपण या घरास हव्या आहोंत, असें त्या मुलींस पहिल्यानेंच लेखी मिळालें.

येथवर ज्यांच्या घरीं पाहुणे येतात त्यांचा विचार झाला. पण कित्येक मुलें अशीं जन्मतात कीं त्यांच्या बारशास कोणी येत नाहीं. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात, तेव्हां बीड व इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीचीं कुटुंबें आपल्या बाजूस येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, आणि एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. त्यामुळें पोटुशी बाई शेवटपर्यंत मोळ्या उचलते, व बाळंत झालेली लवकरच फडावर परतते. पौषाच्या थंडींत पाचटाच्या कोपींत, लुगड्याच्या झोळींत निजलेलें मूल आपल्या रस्त्यावरून दिसतें. त्याच्या आईचें नांव कोणत्याही वहींत नाहीं, आणि ती परत आहेर करणार नाहीं हें उघड आहे. भेट देणाऱ्याची खरी कसोटी तेथें लागते. एक जाड गोधडी, दोन टोपडीं, चार स्वच्छ धडपे, आणि जवळच्या आरोग्य केंद्रांत लस टोंचावयास नेण्यास कोणाची तरी सोबत, एवढें कोणत्याही खेड्यास जड नाहीं.

तेव्हां भेट निवडण्यापूर्वीं बाजाराची वाट धरूं नये; आधीं त्या घरीं जावें व विचारावें. 'वहिनी, लंगोट पुरेसे आहेत ना? रात्रीं सोबतीस कोण आहे? विहिरीचें पाणी कोण आणतें?' असें विचारण्यांत कमीपणा नाहीं, आणि न विचारतां भारी वस्तु आणण्यांत मोठेपणा नाहीं. ज्याच्या हातीं पैसा आहे त्यानें सुती कापड घ्यावें. ज्याच्या घरीं जुनें लुगडें आहे तिनें गोधडी शिवावी. जिला स्वयंपाक येतो तिनें अळिवाची खीर किंवा डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठीं न्यावेत, कारण सर्व भेटी मुलास मिळतात आणि जिनें कळा सोसल्या तिला कोणी विचारीत नाहीं. आणि ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नसेल त्यानें महिनाभर रोज दोन घागरी पाणी भरून द्यावें, किंवा थोरल्या मुलास संध्याकाळीं आपल्या घरीं जेवूं घालावें. ही भेट पेटींत ठेवतां येणार नाहीं व वहींत लिहितां येणार नाहीं. पण त्या महिन्यांत बाळंतीण दुपारीं घटकाभर निजूं शकली, तर ती पुरी पोंचली असें समजावें.