एका सेकंदाचे ऋण

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बाजारभाव आणि हवामान यांच्या मधल्या अरुंद जागेत, कधीकधी एखादी विज्ञानवार्ता येऊन बसते. पुष्कळांची दृष्टी तिच्यावरून घसरून पुढे जाते. आमची मात्र तिथेच अडते. आमचा व्यवसाय वकिलीचा, शिक्षण कायद्याचे, आणि गणिताशी आमचा संबंध म्हटला तर दाव्याच्या मुदतीचे दिवस मोजण्याइतकाच. तथापि ज्याला अधिकार नाही त्यालाही कुतूहल असावयास हरकत नाही, आणि हौशी मनुष्याला एक सवलत असते ती अशी की, शास्त्रज्ञ जो प्रश्न सोडवून मोकळा होतो त्याच्या पलीकडचा प्रश्न तो निवांतपणे विचारीत बसू शकतो. अशाच एका वार्तेने आमचा पाठपुरावा आज काही वर्षे चालविला आहे. १९२२ साली नव्हे, शंभर वर्षांनी, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरात, फ्रान्समधील व्हर्साय येथे वजने व मापे यांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ठरविले की, घड्याळाची पृथ्वीशी जुळणी करण्यासाठी आजवर अधूनमधून घालण्यात येणारा 'अधिक सेकंद' २०३५ पर्यंत बंद करावा.

अधिक महिना आपणां सर्वांच्या परिचयाचा. अधिक सेकंद हा काय प्रकार आहे ते प्रथम सांगितले पाहिजे. आपला दिवस पृथ्वीच्या फिरण्याने होतो, आणि सेकंद हा पूर्वी त्या दिवसाचाच एक अंश मानला जात असे. परंतु पृथ्वी हे काही निर्दोष यंत्र नव्हे. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राला भरती येते, त्या भरतीच्या ओढीने पृथ्वीची गती शतकानुशतके किंचित मंदावते आणि चंद्र आपल्यापासून वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. म्हणून १९६७ साली शास्त्रज्ञांनी सेकंदाची व्याख्याच पृथ्वीकडून काढून घेतली आणि ती सीझियम नावाच्या धातूच्या अणूकडे सोपविली. त्या अणूपासून निघणाऱ्या एका ठराविक किरणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे एक सेकंद. अणू थकत नाही, रेंगाळत नाही. मात्र त्यामुळे जगात दोन घड्याळे झाली, एक अणूचे व एक पृथ्वीचे, आणि त्यांच्यात अंतर पडू लागले. हे अंतर एका सेकंदाहून अधिक वाढू नये म्हणून १९७२ पासून लागेल तेव्हा एक सेकंद वाढविण्याची प्रथा सुरू झाली. असे २७ सेकंद आजवर घातले गेले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०१७ रोजी सकाळी साडेपाच वाजण्याच्या उंबरठ्यावर पडला. त्या पहाटे काकडआरतीस उभे असलेल्या भक्तांना आपल्या पदरी एक सेकंद अधिक पडल्याची वार्ताही नसेल.

भक्तांना नसली तरी यंत्रांना ती असते. आज बँकेची देवघेव, विमानांची ये-जा, विजेचे वितरण, खिशातला दूरध्वनी, सारे एकमेकांशी सेकंदाच्या सूक्ष्म अंशापर्यंत जुळलेले असते. अशा यंत्रसमूहाला 'आज एका मिनिटात ६१ सेकंद आहेत' असे सांगणे म्हणजे अगदी काटेकोर कारकुनाला 'आज महिन्याची बत्तिसावी तारीख आहे' असे सांगण्यासारखे होय. २०१२ च्या जून अखेरीस घातलेल्या सेकंदाने अनेक ठिकाणच्या संगणकांचा गोंधळ उडविला आणि ऑस्ट्रेलियातील विमानप्रवाशांना ताटकळत बसावे लागले. शिवाय पृथ्वीची गती नियमित नसल्यामुळे पुढचा सेकंद केव्हा लागेल हे फार आधी सांगता येत नाही; त्याची सूचना सुमारे सहा महिनेच अगोदर मिळते. तेव्हा यंत्रज्ञांचे म्हणणे असे की, सूर्याशी एवढी तंतोतंत जुळणी हवीच कोणाला? अंतर पडू द्यावे. निदान एक शतकभर काही मिळवावे लागणार नाही एवढी मोठी मर्यादा ठरवावी, आणि पुढचे पुढच्यांनी पाहावे. परिषदेच्या ठरावाचे सार हेच.

यात शास्त्राचा भाग शास्त्रज्ञ पाहतील. आम्हांस अडवितो तो त्यातला नीतीचा भाग. जी चूक आपणांस ठाऊक आहे, जी दुरुस्त करणे आपल्या हाती आहे, ती केवळ सोयीसाठी तशीच चालू ठेवणे हे असत्याचरण होय काय?

घाईने 'होय' म्हणणाऱ्याने आधी आपल्या मनगटाकडे पाहावे. तिथले घड्याळ आजही सूर्याचे सांगत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरची. ती १९०६ पासून चालू आहे. त्या मानाने पणजीस सरासरी मध्यान्ह होते १२ वाजून ३५ मिनिटांनी, बेळगावास ३२ मिनिटांनी, बडोद्यास ३७, इंदुरास २७, ग्वाल्हेरीस १७ आणि हैदराबादेस १६ मिनिटांनी. म्हणजे हे मासिक ज्या ज्या गावी जाते त्या प्रत्येक गावी 'बारा वाजले' हे विधान सूर्याच्या साक्षीने खोटे आहे, आणि प्रत्येक गावी वेगळ्या प्रमाणात खोटे आहे. मुंबईकरांना ही ३९ मिनिटांची तफावत इतकी झोंबली की, त्यांच्या नगरपालिकेने आपली स्वतंत्र 'मुंबई वेळ' पुढे चार दशकांहून अधिक काळ सोडली नाही. आज त्या वादाची कोणाला आठवणही नाही.

इंग्लंडात हाच वाद एकदा न्यायासनापुढे आला होता. १८५८ साली डॉर्चेस्टर गावी एक जमिनीचा दावा सकाळी दहा वाजता चालावयाचा होता. न्यायाधीश कोर्टातील घड्याळाप्रमाणे दहाला आसनस्थ झाले. ते घड्याळ ग्रीनिचचे होते. प्रतिवादी हजर नाही म्हणून काही मिनिटांतच त्याच्याविरुद्ध निकाल झाला. तोच प्रतिवादी आत आला आणि म्हणाला, गावच्या घड्याळाप्रमाणे मी वेळेवर आहे. वरच्या कोर्टाने त्याचे म्हणणे मान्य केले: दहा म्हणजे त्या त्या स्थळीचे दहा. पुढे १८८० साली पार्लमेंटने कायदा करून ग्रीनिचची वेळ सर्व ब्रिटनला लागू केली, आणि त्या दिवसापासून डॉर्चेस्टरचा सूर्य सुमारे दहा मिनिटे उशिरा उगवू लागला. आपल्याकडेही २०२५ च्या आरंभी सर्व व्यवहारांस प्रमाणवेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता.

या सर्वांस आम्ही असत्य म्हणणार नाही. 'समय' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ वेळ आणि दुसरा अर्थ करार. नारदस्मृतीत व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत समयाचा भंग हे एक स्वतंत्र पद आहे, आणि तिथे समय म्हणजे समूहाने मिळून केलेला ठराव. घड्याळाची वेळ ही या दुसऱ्या अर्थाने समय आहे. आपण सर्वांनी मिळून, सर्वांना ठाऊक असलेली, सर्वांना सारखी लागू असलेली एक सोय ठरविली. जिथे कोणी फसविला जात नाही तिथे असत्य नाही. न्यायशास्त्र अशा मानीव गोष्टींवरच उभे आहे. देवळातील मूर्ती ही मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे असे कायदा मानतो, आणि त्या मानण्याने आजवर कित्येक देवस्थानांच्या जमिनींचे रक्षण झाले आहे.

मात्र अशा मानीव गोष्टीला एक अट असते. तिचा हिशेब उघडा राहिला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी ही अट कशी पाळली ते पाहण्यासारखे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांहून थोडे अधिक. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ती झाकून ठेवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु त्यांनी सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक अख्खा महिना वाढवून बाकी चुकती करण्याची रीत घातली. २०२३ साली आला तसा अधिक श्रावण हा त्याच रीतीचा. मौज अशी की, या हिशेबाच्या दुरुस्तीला प्रथम 'मलमास' म्हणून दूर लोटण्यात आले, आणि मग कथा झाली की, ज्याला कोणी स्वामी नाही त्या महिन्याला प्रत्यक्ष विष्णूने आपले नाव दिले. पुरुषोत्तम मासात जावयाला अनारशांचे वाण देताना आपण खरोखर सूर्य आणि चंद्र यांच्या हिशेबातील तूट साजरी करीत असतो. दुरुस्तीची अडचण होते हे खरे. पण अडचणीला सणाचे रूप दिल्यामुळे ती विसरणे अशक्य होऊन बसले.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे, आणि ते सांगितले नाही तर आमच्यावर पक्षपाताचा आरोप येईल. सूर्याचे उत्तरेकडे वळणे घडते २१ किंवा २२ डिसेंबरला. आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. १८६३ साली, स्वामी विवेकानंदांच्या जन्मदिवशी, मकर संक्रांत १२ जानेवारीस होती. ती सरकते आहे, कारण जुन्या सिद्धांतग्रंथांतील वर्षमान ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. वर्षाला चोवीस मिनिटे, म्हणजे एक घटिका! लग्नातील घटिकापात्र पाण्यात बुडावयास लागणारा वेळ. ही एक घटिका सुमारे दीड हजार वर्षांत तीन आठवड्यांहून मोठी झाली. निरयन पद्धतीच्या अभिमान्यांचे म्हणणे असे की, संक्रांत नक्षत्रांवरून मोजली जाते, अयनावरून नव्हे. त्यात तथ्य आहे, आणि त्या त्या परंपरेने आपला संकेत राखण्यास आमची हरकत नाही. परंतु संकेत राखणे वेगळे आणि 'आज उत्तरायण लागले' असे सांगणे वेगळे. पहिला समय आहे. दुसऱ्यात हिशेब हरवला आहे.

तो हरवलेला हिशेब पुन्हा मांडून दाखविणारे कोण होते? शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला, ते शिक्षक. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे गणित ज्यांनी पंचांगकर्त्यांच्या हाती दिले ते व्यंकटेश बापूजी केतकर, तेही शिक्षक. यांच्यापाशी वेधशाळा नव्हत्या. शाळेची घंटा झाल्यावर उरणारा वेळ होता. हौशी मनुष्याच्या कुतूहलाला कमी लेखणाऱ्यांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हिंदू कायद्यात 'पुण्यकर्तव्य' म्हणून एक जुने तत्त्व होते. पित्याचे ऋण पुत्राने, पौत्राने, प्रपौत्रानेही फेडावे; मात्र ते ऋण 'अव्यावहारिक' नसावे. जुगारासाठी किंवा व्यसनासाठी काढलेले कर्ज वंशजांवर बसत नसे. कुटुंबाच्या न्याय्य गरजेचे बसत असे. २००५ च्या दुरुस्तीने न्यायालयांपुरते हे तत्त्व संपुष्टात आणले, आणि सावकाराच्या कचाट्यातून नातवंडे सुटली हे इष्टच झाले. पण त्यामागचा विवेक आम्हांस आजही उपयोगी वाटतो. व्हर्सायच्या ठरावातील एक शतक म्हणजे बरोबर प्रपौत्रापर्यंतचा पल्ला. आज न मिळविलेले सेकंद त्याच्या नावे साचणार आहेत. ते व्यावहारिक ऋण की अव्यावहारिक?

आमचा कौल असा. यंत्रांतील घोटाळ्याने माणसांचे जीवित धोक्यात येऊ शकते, तेव्हा सेकंदाची दुरुस्ती पुढे ढकलणे ही न्याय्य गरज आहे. सूर्यापासून अर्धा तास दूर राहून आपण सुखाने जगतो. मिनिटभर आणखी दूर गेल्याने कोणाची संध्या चुकणार नाही. परंतु ऋण काढणाऱ्याने खतावर रक्कम लिहिली पाहिजे. शास्त्रज्ञ पृथ्वीचे मोजमाप चालू ठेवणार आहेत आणि दोन घड्याळांतील अंतर प्रसिद्ध करणार आहेत. तोवर हे ऋण व्यावहारिक आहे. ज्या दिवशी ते अंतर छापण्याचाही कंटाळा येईल, त्या दिवशी ते अव्यावहारिक होईल.

कोणी म्हणेल, एका सेकंदासाठी केवढा हा खटाटोप! त्यास आमचे उत्तर गेल्या काही वर्षांतल्याच वार्तेत आहे. २०२० पासून पृथ्वी थोडी वेगाने फिरू लागल्याचे दिसून आले, इतकी की, कधी काळी सेकंद मिळविण्याऐवजी वजा करावा लागेल अशी शक्यता उभी राहिली. २०२४ साली डंकन ॲग्न्यू या अमेरिकन संशोधकाने 'नेचर' नियतकालिकात दाखविले की, ध्रुवांवरचे बर्फ वितळून ते पाणी विषुववृत्ताकडे पसरत असल्यामुळे पृथ्वीच्या गतीला आवर बसतो आहे आणि तो वजा सेकंद काही वर्षे लांबणीवर पडला आहे. गिरकी घेणारा नर्तक हात पसरतो तेव्हा मंदावतो, तसे हे. म्हणजे आमच्या गिरण्यांचा, मोटारींचा, चुलींचा धूर आता दिवसाच्या लांबीतही मोजता येऊ लागला आहे. हे कळले कशावरून? कोणीतरी सेकंदाचा हिशेब ठेवीत होते म्हणून. क्षुल्लक बाकी मोजणाऱ्यालाच मोठ्या कर्जाचा सुगावा लागतो.

आपणां देवळाच्या माणसांनी यातून घ्यावयाची गोष्ट लहानशीच आहे. संकष्टीच्या रात्री उपवास सोडण्याची वेळ आज पुष्कळजण दूरच्या एखाद्या शहराच्या कोष्टकावरून घेतात. चंद्र इंदुरास आणि पणजीस एकाच क्षणी उगवत नाही. प्रत्येक देवस्थानाच्या समितीने आपल्या फलकावर आपल्याच गावचा चंद्रोदय लिहावा, आणि ज्याला शक्य आहे त्याने तो लिहिलेला क्षण खरा की खोटा ते एकदा तरी मंडपाबाहेर येऊन पूर्वेकडे पाहून ताडून घ्यावे.