कित्ता आणि सही

मूल कित्ता गिरवते तेव्हा ते दुसऱ्याने आखलेल्या वाटेवरून चालत असते. मग त्यात त्याचे स्वतःचे काय? आज्ञापालनाने माणसाचे स्वातंत्र्य हरपते की घडते, हा जुना प्रश्न या लहानशा कृतीत दडलेला आहे.

ही वाट कशी आखावी, याचा विचार प्राचीन आहे. पहिल्या शतकातील रोमन शिक्षक क्विंटिलियन याने अक्षरे फळीवर कोरावीत, म्हणजे लेखणी खोबणीबाहेर जाणार नाही, असे सुचविले. पुढे १९०७ साली रोममध्येच बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाची अक्षरे योजिली. मूल त्यांवरून बोट फिरवते. बोट गुळगुळीत पुठ्ठ्यावर घसरले, की चूक त्याची त्यालाच उमगते. रागावणारे कुणी लागत नाही.

येथेच आपणा पालकांची कसोटी आहे. मुलाचा हात धरणे सोपे, वेळेवर सोडणे अवघड. हात धरून काढविलेले सुबक अक्षर खरे तर आपलेच असते. हात सोडल्यावर उमटलेले वेडेवाकडे अक्षर मात्र त्याचे. एकच कित्ता गिरविणाऱ्या भावंडांच्याही सह्या पुढे निरनिराळ्या होतात. वळण लावणे हे आपले कर्तव्य खरे. परंतु सही ज्याची त्यानेच करावयाची असते.